वय झालं म्हणून खाट धरायची का?
वार्धक्यशास्त्र शिकलेल्या फिजिओथेरपिस्टची ओळख

भात कापणीचे दिवस. घरातली सारी माणसे शेतावर गेलेली. घरी एकटी असलेली आजी न्हाणीत घसरून पडते. सुदैवाने हाड मोडलेले नसते, मुका मार असतो. संध्याकाळी सगळे जमतात. मुलगा म्हणतो, "आई, आता तू मुळीच उठू नकोस. पडून राहा." सून जेवणाचे ताट खाटेवर आणून देते. नातवंडे पाण्याचा तांब्या हाताशी ठेवतात. हे सगळे मायेपोटीच होते. पंधरा दिवसांनी दुखणे थांबते, आजी उठायला जाते, तेव्हा पाय लटपटतात. ती पुन्हा बसते. शेजारीपाजारी म्हणतात, "आता वय झालं, चालायचंच." त्या दिवसापासून आजी खाटेची होते.

वाचकहो, हे चित्र आपल्यातल्या पुष्कळ घरांनी पाहिले आहे. आजीचे पाय वयाने गेले की खाटेने गेले, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन विद्या एकत्र आल्या. एक फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाने व हालचालीने शरीर पुन्हा कामाला लावण्याची विद्या. दुसरी वार्धक्यशास्त्र, म्हणजे माणूस म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते याचा अभ्यास. या दोन्ही विद्या एकाच माणसाने शिकाव्यात असे का म्हणतात आणि त्याचा आपल्यासारख्या शेतकरी कुटुंबांना काय उपयोग, हे आज पाहू.

खाट काय करते?

आधी खाटेचा हिशेब मांडू. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या ११ निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. त्यांना आजार नव्हता, ताप नव्हता, खाणेपिणे व्यवस्थित होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांच्या मांसातून सरासरी सुमारे एक किलो वजन गेले आणि मांड्यांची ताकदही उतरली. निरोगी माणसाची ही गत, तर पडून मार बसलेल्या, भूक मंदावलेल्या आजीचे काय होत असेल याचा विचार करा.

गोठ्यातला बैल महिनाभर दावणीला बांधून ठेवला आणि मग एकदम नांगराला जुंपला, तर तो चार तासांत बसेल. त्या वेळी आपण बैलाच्या वयाला दोष देत नाही, "बांधून ठेवला म्हणून झालं" म्हणतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाला मात्र हा न्याय आपण लावत नाही.

वयाने काहीच होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. वयाबरोबर स्नायू बारीक होतात व त्यांची ताकद कमी होते. या अवस्थेला १९८९ साली अमेरिकन डॉक्टर अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. डोळ्यांना कमी दिसते, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मंदावतो, तळपायाला जमिनीची जाणीव पूर्वीसारखी होत नाही. हे सारे खरेच आहे. पण वयामुळे होणारी झीज हळूहळू होते. खाटेमुळे होणारी झीज आठवड्यात होते, आणि तिच्यातली बरीचशी भरून काढता येते. यातली कोणती झीज कशाची, हे ओळखता येणे हेच खरे शिक्षण आहे.

दोन विद्या, दोन्ही अपुऱ्या

फिजिओथेरपी शिकणाऱ्याला हाडे, सांधे, स्नायू व नसा यांचे ज्ञान दिले जाते. मोडलेले हाड जुळल्यावर सांधा मोकळा कसा करावा, लकवा झालेल्या माणसाला पुन्हा उभे कसे करावे, काठी कोणत्या हातात द्यावी, उठताना भार कुठे टाकावा, हे तो शिकतो. जाता जाता सांगतो, गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलटे करतात.

वार्धक्यशास्त्र शिकणारा वेगळ्या गोष्टी शिकतो. वयाने शरीरात काय बदलते, स्मरणशक्ती कशी बदलते, जोडीदार गेल्यावर माणसाचे मन व भूक यांचे काय होते, एकाच वेळी पाचसहा औषधे घेणाऱ्याला कोणते त्रास होतात, घराची रचना कशी असावी, म्हाताऱ्यांसाठी सरकारी सोयी कोणत्या, याचा तो अभ्यास करतो.

आता समजा, सत्तर ओलांडलेले एक आजोबा दोनदा पडले. फक्त सांधे जाणणारा त्यांच्या गुडघ्याला व्यायाम देईल. व्यायाम बरोबर असेल, पण आजोबा पुन्हा पडतील. कारण ते रात्री पडतात. लघवी जास्त होण्याची गोळी ते संध्याकाळी उशिरा घेतात, म्हणून रात्री तीन वेळा उठतात. रक्तदाबाच्या गोळीमुळे एकदम उठल्यावर त्यांना अंधारी येते. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि अंगणातला दिवा बिघडलेला आहे. आजी गेल्यापासून ते एक वेळच नीट जेवतात. उलट, फक्त वार्धक्यशास्त्र जाणणाऱ्याला हे सगळे कळेल, पण आजोबांना खुर्चीतून उठायला, तोल सांभाळायला, पायरी चढायला प्रत्यक्ष शिकवणे त्याच्या हाती नाही. म्हणून दोन्ही विद्या एका माणसात असल्या तर उत्तम, आणि ते जमत नसेल तर त्या दोन माणसांनी एकत्र बसून तरी काम करावे.

ही गोष्ट सुरू कशी झाली?

१९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे गरिबांचे आजारघर आपल्या ताब्यात घेतले. तिथे ७१४ रोगी होते. पुष्कळसे म्हातारे, अनेक जण वर्षानुवर्षे अंथरुणात. कोण कशाने आजारी आहे याची धड तपासणीही झालेली नव्हती. डॉक्टर मार्जरी वॉरेन नावाच्या बाईंकडे हे काम आले. त्यांनी प्रत्येकाला तपासले, रोगाप्रमाणे वेगळे केले, खोल्यांत उजेड आणला आणि ज्यांना उठवता येईल त्यांना उठवायला सुरुवात केली. फिजिओथेरपिस्ट व इतर मदतनीस यांना बरोबर घेतले. कायमचे अंथरुणाला खिळले असे समजले जाणारे पुष्कळ रोगी उठले, चालले, आणि काही आपल्या घरी परतले. १९४३ व १९४६ साली त्यांनी आपले अनुभव वैद्यकीय मासिकांत लिहिले. ब्रिटनमध्ये वृद्धांच्या वैद्यकशाखेची जननी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

पुढे अभ्यास वाढत गेला. अमेरिकेत १९७४ साली वार्धक्यासाठी राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. १९७५ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात वार्धक्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले.

तरीही नव्वदीच्या माणसाला वजन उचलायला लावावे का, याची भीती होतीच. ती १९९० सालच्या एका प्रयोगाने बरीच कमी केली. बोस्टन शहरातल्या वृद्धांच्या एका संस्थेत डॉक्टर मारिया फिआटारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ९० वर्षे वयाच्या १० जणांना आठ आठवडे देखरेखीखाली पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी सोडली. पण त्याच प्रयोगात हेही दिसले की व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद सुमारे एक तृतीयांश घटली. म्हणजे हे काम एकदा करून संपणारे नाही. शेताला पाणी पाळीपाळीने द्यावे लागते, तसेच हे आहे.

१९९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टर मेरी टिनेटी यांनी सत्तरी ओलांडलेल्या, पडण्याचा धोका असलेल्या ३०१ लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या लोकांच्या घरी नर्स व फिजिओथेरपिस्ट गेले. औषधे पाहिली, उठल्यावर रक्तदाब उतरतो का ते पाहिले, घरातले धोके काढले, तोलाचे व ताकदीचे व्यायाम शिकवले. वर्षभरात या गटातले १०० पैकी ३५ जण पडले, आणि दुसऱ्या गटातले १०० पैकी ४७. वर सांगितलेल्या आजोबांची गोष्ट आठवा. अनेक कारणे एकदम धरली की उपयोग होतो, हे यातून दिसले.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी १९९७ साली आणखी साधा मार्ग दाखवला. ८० वर्षांवरच्या २३३ बायका त्यांनी घेतल्या. निम्म्या बायकांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा गेली आणि प्रत्येकीच्या बेताने पायांच्या ताकदीचे व तोलाचे व्यायाम शिकवून आली. पुढचे बायकांनी आपले आपण केले. वर्षाअखेर व्यायाम न केलेल्या गटात १५२ वेळा पडझड झाली, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. पुढे हेच व्यायाम शिकवून तयार केलेल्या नर्सबाईंनीही घरोघर जाऊन दिले. खेड्यांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

शिक्षण कसे असते?

अमेरिकेत आज फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी आधी पदवी आणि मग साधारण तीन वर्षांचे डॉक्टरेट दर्जाचे शिक्षण घ्यावे लागते. अशा तऱ्हेचा पहिला अभ्यासक्रम १९९३ साली नेब्रास्का राज्यातल्या क्रेटन विद्यापीठात सुरू झाला, आणि २०१६ पासून तिथे हाच दर्जा सक्तीचा झाला. याला जोडून वार्धक्यशास्त्राचे प्रमाणपत्र किंवा मास्टर्स पदवी घेण्याची वाट काही विद्यार्थी धरतात. काही विषय दोन्हीकडे चालत असल्यामुळे वेळ वाचतो. शिक्षण संपल्यावर वृद्धांच्या फिजिओथेरपीत खास तज्ज्ञ म्हणून परीक्षा देता येते. असे तज्ज्ञ तिथे प्रथम १९९२ साली मान्य झाले. या परीक्षेला बसण्यासाठी वृद्ध रोग्यांबरोबर २००० तासांचे प्रत्यक्ष काम, किंवा त्या विषयातले मान्य प्रशिक्षण, दाखवावे लागते. नुसत्या पुस्तकावर ही विद्या येत नाही, हे यावरून कळावे.

आपल्या देशात फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाले. त्या काळात पोलिओने पायांनी अधू झालेली मुले हा मोठा प्रश्न होता. आज पोलिओ देशातून गेला आहे, आणि त्याच विद्येपुढे आता म्हाताऱ्या माणसांची रांग आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरचे लोक १० कोटींहून अधिक होते. गोव्यात तर दर १०० माणसांमागे ११ जण साठी ओलांडलेले होते. २०१७-१८ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची मोठी पाहणी केली. तिच्यात वर सांगितलेले सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठही भागीदार होते.

आपल्याकडे बारावी विज्ञानानंतर फिजिओथेरपीची पदवी व तिच्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असा मार्ग आहे. घरात बारावीची मुले असतील तर त्यांच्यापुढे डॉक्टर, नर्स, इंजिनियर एवढीच नावे न ठेवता हेही ठेवावे. आजीच्या पायांशी बसून तिला उठवण्याचा धीर ज्या मुलामुलीत आहे, त्यांच्यासाठी हे काम आहे. प्रवेशाच्या वेळी त्या महाविद्यालयाला मान्यता आहे का, शिकताना वृद्ध रोगी पाहायला मिळतात का, या दोन गोष्टी जरूर विचाराव्यात.

सरकारी दवाखान्यात काय मागावे?

२०१०-११ साली केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा विभाग व फिजिओथेरपीची सोय, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, अशी योजना आहे. आपल्या जिल्ह्यात ती कोणत्या दिवशी चालते याची चौकशी करा. चौकशी करणारे वाढले म्हणजे सोयही नीट चालते.

मालिश करणारा आणि शिकलेला फिजिओथेरपिस्ट यांतला फरकही लक्षात ठेवा. मालिशने बरे वाटेल, पण ताकद येणार नाही. मोडलेल्या हाडावर किंवा सुजलेल्या पोटरीवर मालिश करणे तर धोक्याचे आहे.

घरी करून पाहावे असे

१९९१ साली कॅनडातल्या दोन बायकांनी, फिजिओथेरपिस्ट डायन पॉडसिआड्लो आणि वृद्धरोगतज्ज्ञ सँड्रा रिचर्डसन यांनी, एक सोपी चाचणी मांडली. दोन विद्या एकत्र आल्या की काय होते त्याचा हा उत्तम दाखला. हात टेकायची सोय असलेली खुर्ची घ्या. तिच्यापासून तीन मीटरवर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर, खडूने रेघ मारा. आजोबांनी खुर्चीतून उठायचे, रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचे, वळून यायचे आणि पुन्हा बसायचे. घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून दवाखान्यात दाखवावे. चाचणीच्या वेळी कोणीतरी शेजारून चालावे.

पुढील व्यायाम बहुतेकांना झेपतात:

१. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून पाच ते दहा वेळा उठणे व बसणे. जमेल तसे हातांचा आधार कमी करणे.

२. ओट्याला किंवा जड टेबलाला धरून टाचा उचलणे, दहा वेळा.

३. तसेच धरून एक पाय बाजूला नेणे व आणणे, मग दुसरा.

४. आधाराजवळ उभे राहून एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून दहा मोजेपर्यंत थांबणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की पासष्टीपुढच्या माणसांनी तोलाचे व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येणे असे काही झाले तर थांबावे. हृदयविकार असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आमचे शेतकरी बंधू म्हणतील, "आम्ही जन्मभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. ज्यांचे शेतावर जाणे चालू आहे त्यांचे पाय पुष्कळदा शहरी माणसापेक्षा बळकट असतात. पण दिवसभर वाकून भांगलण केल्याने कंबर आखडते, तोल सुधारत नाही. आणि ज्या दिवशी मुलगा म्हणतो, "बाबा, आता तुम्ही घरी बसा," त्या दिवसापासून सगळे एकदम थांबते. म्हणून म्हाताऱ्या माणसाचे काम हलके करावे, बंद करू नये. परसातल्या भाजीला पाणी, कोंबड्यांना दाणे, रविवारी चर्चपर्यंत चालत जाणे, हे त्यांच्याकडेच राहू द्यावे.

घरातही थोडे करावे. न्हाणीतले शेवाळ घासून काढावे, भिंतीत पकड बसवावी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा असावा, उंबऱ्याला पांढरा रंग द्यावा. झिजलेल्या सपाता टाकून द्याव्यात. जेवणात डाळ, कडधान्य, अंडे, मासळी असावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. डोळे तपासून घ्यावेत. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, आपल्या मनाने कोणतीही बंद करू नये.

आणि आजी पडलीच तर? उभे राहता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, जांघेत फार दुखत असेल, तर तिला उठवण्याची ओढाताण न करता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. खुब्याचे हाड मोडले असले तरी आज लवकर ऑपरेशन करून, प्रकृती ठीक असल्यास दुसऱ्याच दिवशी रोग्याला उठवून बसवतात, उभे करतात. "या वयात ऑपरेशन नको, घरीच पडून राहू दे," हा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांशी पुरते बोलावे. हाड मोडलेले नसेल, तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: "हिला उठवायचे कधी?"

तो प्रश्न वेळेवर विचारला, तर कापणीहून परतल्यावर आजी उंबऱ्याशी उभी दिसेल.